आई म्हणाली, लाईट जाते

२०२२चा मे महिना होता. दुपारी साडेतीनच्या सुमाराला मी रत्नागिरीत ऑफिसमध्ये असताना शेजारच्या काकींचा फोन आला.

"अगो, घाबरू नको. तुजी आय पडली. गेली व्हती, आली परत."

गेली होती, आली परत. स्कूटीवरून भाट्याचा पूल ओलांडेपर्यंत डोक्यात हेच फिरत होतं. आपल्याकडे "गेली" या शब्दाचा फोनवर एकच अर्थ होतो. पण काकी पुढे "आली परत" असंही म्हणाल्या होत्या आणि त्या दोन शब्दांवर मी घरापर्यंत गाडी चालवली.

आमचं गाव पावस रस्त्याला. सीझनला आई आंब्याच्या पॅकिंगला जाते. आंबे निवडायचे, पेटीत पेंढा घालायचा, थर लावायचे. शेडवर पोचले तेव्हा ती गोणपाटावर बसली होती. एका हातात फोडलेला कांदा, दुसऱ्या हातात कोकम सरबताचा ग्लास आणि शेजारी कुणाची तरी चामड्याची चप्पल. ती चप्पल पायात घालायची नव्हती, नाकाशी धरायची होती.

भोवती सात-आठ माणसं होती आणि जवळपास तितकेच शब्द. एक बाई म्हणाली, "भोवळ आली." दुसरी म्हणाली, "घेरी आली गो, उपाशी आसल." मुकादम म्हणाला, "ऊन लागलं." टेम्पोवाला ठामपणे म्हणाला, "फीट आली. हात हलत होते, मी बघितलं." एक म्हातारी आजी काही बोलली नाही, पण अंगारा आणायला तिने नातवाला आधीच पिटाळलं होतं.

एकच बाई, एकच पडणं, पण ज्याचा शब्द वेगळा त्याचं औषधही वेगळं. भोवळ असेल तर कांदा, फीट असेल तर चप्पल किंवा मुठीत किल्ल्या, ऊन लागलं असेल तर सरबत आणि बाधा असेल तर अंगारा. माझी आई तिथे बसून एकाच वेळी चार आजारांचे उपचार घेत होती. पुढची दीड वर्षं आम्ही तेच करणार होतो, फक्त पैसे भरून.

*

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. बाहेर साठेक माणसांची रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी वर न बघता विचारलं, "काय होतंय?"

आई म्हणाली, "लाईट जाते."

डॉक्टरांनी आता वर बघितलं. त्यांना वाटलं असावं, घरातली.

"म्हंजे बगा," आई सांगायला लागली, "लाईट जाते ना, तशी जाते. डोल्याम्होरं कालोख. मंग मीच नसते."

मला लाज वाटली. हे मी लिहितेय ते कबुली द्यायची म्हणून नाही. त्या लाजेची पुढे किंमत मोजावी लागली, म्हणून लिहितेय. मी मराठी घेऊन बी.ए. केलेलं. शाळेत "अशुद्ध बोलू नकोस" हे ऐकत वाढलेली. "डोल्याम्होरं" म्हटलं की वर्ग हसायचा, मग मी "डोळ्यांसमोर" म्हणायला शिकले आणि पुढे आईलाही शिकवत राहिले. त्या दिवशी सवयीने मी मध्ये पडले.

"डॉक्टर, तिला चक्कर येते."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला. आता त्यांना कळेल असा शब्द मिळाला होता. कागदावर त्यांनी गिडिनेस लिहिलं. बी.पी. बघितलं, साखर बघितली, कार्डिओग्राम काढला, सगळं ठीक होतं. चक्करीच्या गोळ्या दिल्या. आईने माझ्याकडे बघितलं आणि गप्प बसली. शिकलेल्या मुलीने सांगितलं म्हणजे चक्करच असणार.

आईचं वाक्य मी शुद्ध केलं होतं.

*

त्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी हे झालेलं असेल. गोळ्यांनी फरक पडला नाही म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. चक्करीचं मूळ बऱ्याचदा कानात असतं आणि ते खरंच आहे. तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात असते, तिथले बारीक खडे जागचे सरकले की कूस बदलताना घर गरगर फिरतं. मान वळवून झोपवायचा एक व्यायाम त्यावर करून घेतात, तोही झाला. मग कुणी तरी म्हणालं, मानेचा मणका. मानेला पट्टा आला. पट्टा लावून आई चुलीपाशी बसायची आणि भाकरी थापताना तिला परातीत बघताच यायचं नाही.

मध्ये मध्ये ती पडत होती. एकदा विहिरीवर, एकदा लग्नाच्या पंगतीत, एकदा घरातच, बसल्या जागी. दर वेळी काही सेकंदांत उठायची आणि विचारायची, "काय झालं?"

हा प्रश्न नीट ऐकण्यासारखा आहे. शुद्ध हरपणं हा असा अनुभव आहे, जो ज्याला येतो त्याला येतच नाही. पोटात दुखलं तर मी सांगू शकते, कुठे आणि कसं दुखलं. पण "मी बेशुद्ध पडले" हे वाक्य मी ऐकीव माहितीवर बोलते. त्या सेकंदांची साक्ष दुसऱ्यांकडे असते. दुसरे सांगतील तेच आपलं झालेलं.

आणि दुसरे सांगत होते. "लक्ष वेधून घेते." "पोरगा मुंबईला गेल्यापासून हिचं सुरू झालं." लग्नातल्या एका मामांनी तर "हिस्टेरिया" हा शब्दच काढला. बाई पडली की हा शब्द अजून निघतो. त्याचं मूळ ग्रीक, अर्थ गर्भाशय. बाईच्या गर्भाशयामुळे तिचं डोकं बिघडतं अशी ती जुनी समजूत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आजारांच्या अधिकृत यादीतून हे नाव १९८०मध्ये काढून टाकलं. आमच्या पंगतीत ते अजून पोचलेलं नाही.

मामा पुढे म्हणाले, "लांब कशाला, रत्नागिरीतच दाखवा की." बाहेरच्यांना यातली खोच कळणार नाही. आमच्या शहरात १८८६पासूनचं मनोरुग्णालय आहे आणि कोकणात "हिला रत्नागिरीला न्यायला पाहिजे" या वाक्याचा एक ठरलेला अर्थ आहे. रत्नागिरीतच राहणाऱ्या बाईला ते ऐकवणं जास्तच सोपं. त्या रुग्णालयात बरे होऊन गेलेल्या माणसांचा आणि तिथे राबणाऱ्यांचाही हा अपमानच. पण त्या दिवशी मला तेवढा विचार सुचला नाही. आई ताटावरून उठून गेली, एवढंच दिसलं. त्यानंतर तिने पडण्याबद्दल बोलणं बंद केलं. पडली तरी सांगायची नाही. कोपराला खरचटलेलं दिसलं की मला कळायचं.

*

२०२३च्या नोव्हेंबरात ती दगडी पायरीवर पडली. भुवईवर टाके घालावे लागले. टाके घालणाऱ्या डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील, रात्रपाळीने डोळे तारवटलेले. टाके घालता घालता त्यांनी विचारलं, "मावशी, पडलात कशा?"

मी म्हणाले, "तिला चक्कर येते, जुनाच त्रास आहे."

"तुम्ही थांबा जरा," त्या मला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मावशी, तुम्ही सांगा. चक्कर म्हणजे काय होतं? घर फिरतं, की डोळ्यांपुढे काळोख होतो?"

आईने आधी माझ्याकडे बघितलं. मी तिला बोलू देते का, ते ती बघत होती.

"फिरत न्हाय बाय," ती म्हणाली. "लाईट जाते."

डॉक्टरांचा हात थांबला. मग त्यांनी प्रश्नांची रांगच लावली. आधी कळतं का? घाम येतो, मळमळतं? की एकदम? उभं असतानाच होतं, की बसल्या जागीही? पडताना कुणी बघितलंय का? चेहरा कसा होता? हातपाय झटकले तर किती वेळ? उठल्यावर गोंधळल्यासारखं वाटतं, की लगेच ठीक?

बघितलेल्या होत्या शेजारच्या काकी. मी त्यांना फोन लावून स्पीकरवर टाकलं. त्या म्हणाल्या, "पांढरी फटक पडते बगा, मेल्यावानी. आनि उठते तवा तोंड लाल होतं, भट्टीजवल बसल्यागत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मी ह्या पोरीला तवाच सांगितलेलं."

सांगितलं होतं खरं. ते वर्णन मी डॉक्टरांपर्यंत नेलंच नव्हतं. मला ते गावाकडचं तिखटमीठ वाटलं होतं.

पांढरं पडणं आणि नंतर लाल होणं हे तिखटमीठ नव्हतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विजेचा संदेश वाटेत अडला, की ठोके मंदावतात किंवा काही क्षण थांबतात. मेंदूचा रक्तपुरवठा सहा ते दहा सेकंद थांबला, तरी तेवढ्यात शुद्ध जाते. चेहरा पांढरा पडतो. ठोके परत सुरू झाले की रक्त उसळून येतं आणि चेहरा लाल होतो. मेंदूला रक्त कमी पडल्यामुळे हातपाय थोडेसे झटकूही शकतात, आणि बघणारा म्हणतो, फीट.

डब्लिनमधल्या रॉबर्ट अ‍ॅडम्स आणि विल्यम स्टोक्स या दोन डॉक्टरांनी अशा रुग्णांची वर्णनं लिहून ठेवली, अ‍ॅडम्सनी १८२७मध्ये आणि स्टोक्सनी १८४६मध्ये. आजही या झटक्यांना त्यांचंच नाव आहे. तेव्हा कार्डिओग्राम नव्हता. तो यायला विसावं शतक उजाडावं लागलं. त्यांच्याकडे होतं ते नाडीवरचं बोट, आणि रुग्णाने व त्याच्या घरच्यांनी सांगितलेलं ऐकून घेणारे कान.

आमच्याकडे कार्डिओग्राम होता आणि तो नॉर्मल आला होता. ज्या क्षणी काढला त्या क्षणी लाईट होती, एवढाच त्याचा अर्थ.

*

आंबा घाट चढून आम्ही कोल्हापूरला गेलो. चोवीस तास छातीला होल्टर लावलं. ते दिवसरात्र ठोके नोंदवत राहतं. पहाटे चारच्या सुमाराला, आई झोपेत असताना, त्यात सहा सेकंदांची रिकामी जागा सापडली. पेसमेकर बसवायचा ठरला.

आदल्या रात्री वॉर्डात मला झोप येईना. मोबाईलवर शब्दकोश उघडून बसले. मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही आता फोनवर फुकट शोधता येतात. दुःखात माणसं देवाचं नाव घेतात. बी.ए. मराठीवाल्यांना हे सुचतं.

मी एकेक शब्द टाकत गेले आणि सगळे एकाच दिशेने बोट दाखवायला लागले.

चक्कर: चक्राच्या घरातला. भोवळ: भोवणे म्हणजे फिरणे, भोवरा, भोवती, आणि मागे जाल तर संस्कृतातला भ्रम. घेरी: घेर, घेरा. गरगरणं तर ऐकूनच कळतं. गोव्यात कोंकणीत घुंवळ म्हणतात, तीही घुंवण्यातून म्हणजे फिरण्यातून आलेली. आपण पडण्यासाठी रोज वापरतो ते जवळजवळ सगळे शब्द वर्तुळं आहेत. त्यांचा मूळ अर्थ जग फिरणं. पण वापरून वापरून त्यांच्या पोटात दोन गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत, जग फिरणं आणि जग नाहीसं होणं. "भोवळ येऊन पडले" ही बातमी वाचून कुणालाच सांगता येणार नाही, की त्या माणसाला सगळं फिरताना दिसलं, की काहीच दिसलं नाही. कानाचा आजार आणि हृदयाचा आजार एकाच शब्दात राहतात.

जुन्या वैद्यांनी हे वेगळं ठेवलं होतं, याचं मला त्या रात्री नवल वाटलं. माधवनिदानात भ्रम आणि मूर्च्छा एकाच अध्यायात येतात, पण दोन निराळ्या गोष्टी म्हणून. भ्रमात गरगरणं आणि वायू, मूर्च्छेत तम म्हणजे काळोख. चरकसंहितेत तर मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा चढत्या पायऱ्या आहेत. मद आणि मूर्च्छा आपोआप उतरतात, संन्यास मात्र उपचारांशिवाय उतरत नाही. आपण ज्याला कोमा म्हणतो त्याच्या जवळचा हा संन्यास. "आपण जोमात, बाकी कोमात" असं स्टेटस ठेवणाऱ्या माझ्या भावाला मी तेव्हाच मेसेज केला, की तुझा कोमा दोन हजार वर्षांपूर्वी घरदार सोडून निघालेला आहे. तो म्हणाला, झोप आता.

मग राहिले दुसऱ्या जातीचे शब्द, गोल न फिरणारे. शुद्ध. आज शुद्ध म्हटलं की तूप, चांदी आणि शुद्धलेखन. पण जुन्या मराठीत शुद्धी म्हणजे शोध, खबर. रामायणातली "सीताशुद्धी" म्हणजे सीतेचा ठावठिकाणा काढणं. त्या अर्थाने बघितलं तर शुद्ध हरपणं म्हणजे आपलीच खबर आपल्याला नसणं. "काय झालं?" हा आईचा दर वेळचा प्रश्न म्हणजे तिने स्वतःची काढलेली शुद्धी. आणि बेशुद्ध हा शब्द तर एका घरात नांदणाऱ्या दोन भाषा: फारसी "बे", संस्कृत "शुद्ध".

शेवटी भान टाकला. भान म्हणजे जाणीव, हे माहीत होतं. त्याचा मूळ धातू "भा" आहे, हे कधी तरी शिकले होते आणि विसरले होते. भा म्हणजे प्रकाशणे. प्रभा, आभा, भास्कर, सगळे त्याचेच. भान म्हणजे मुळात उजेड.

लाईट.

भान हरपणं म्हणजे लाईट जाणं. आईने त्या पहिल्या दिवशी डॉक्टरांना ते बिनचूक मराठीत सांगितलं होतं. भान या शब्दात जो उजेड आपण कधीच विझवून टाकलाय, तो तिने स्वयंपाकघरातल्या बल्बवरून परत लावला होता. आणि मी तिच्या मागून जाऊन बटण बंद केलं.

आता "माझं भान हरपतं" असं डॉक्टरांना सांगितलं तर ते भावगीत वाटेल, हे मान्य. भान आपण सामाजिक, राजकीय असल्या ठिकाणी पाठवून दिलंय. मूर्च्छा लक्ष्मणाला दिली. उरल्या त्या चक्कर आणि भोवळ. म्हणून मला डॉक्टरांना दोष देववत नाही. साठ माणसांच्या रांगेत त्यांना मी जो शब्द दिला, तो त्यांनी लिहून घेतला.

आणखी एक गोष्ट त्या रात्री लक्षात आली. चक्कर येते, भोवळ येते, घेरी येते. आमच्याकडे शिमग्यात पालखी नाचताना कुणाला अवसर येतो. हे सगळं बाहेरून "येतं", पाहुण्यासारखं. शुद्ध आणि भान मात्र "जातं", म्हणजे ते आपलं असतं. काकी पहिल्याच फोनवर "गेली व्हती, आली परत" म्हणाल्या, तेव्हा त्यांनी भोवळ आली असं म्हटलं नव्हतं. आई गेली असं म्हटलं होतं. त्यांचंही बरोबर होतं. मीच एकटी चुकीचं मराठी बोलत होते.

*

सकाळी आईला आत नेलं. या ऑपरेशनला पूर्ण भूल लागत नाही, कॉलरबोनखाली तेवढीच जागा बधिर करतात. भूल या शब्दाचे दोन अर्थ मी तिथे बाहेर बसून पुरेसे घोळवले. तासाभरात ती बाहेर आली. कातडीखाली काडेपेटीपेक्षाही लहान यंत्र, त्यातून हृदयात गेलेल्या तारा. असं यंत्र माणसाच्या शरीरात पहिल्यांदा स्वीडनमध्ये १९५८ साली बसवलं. ज्यांना बसवलं ते आर्ने लार्सन पुढे बरीच यंत्रं बदलत २००१पर्यंत जगले. हे मी आईला सांगितलं.

"आनि आपली लाईट गेली तर?" तिने विचारलं. म्हणजे घरातली.

त्याला स्वतःची बॅटरी आहे, वर्षानुवर्षं चालते, संपत आली की बदलतात, असं सांगितलं.

"मंग इन्व्हर्टरच म्हन की," ती म्हणाली आणि तेव्हापासून आमच्या घरात त्याचं तेच नाव आहे. मी दुरुस्त केलं नाही. तसं बघायला गेलं तर पेसमेकरचं याहून चांगलं मराठी मला अजून मिळालेलं नाही. आतली वीज गेली की हा सुरू होतो.

हे वाचून घाबरू नका. पडणाऱ्या बहुतेक माणसांच्या हृदयाला काही झालेलं नसतं. उन्हात रांगेत उभं राहून, रक्त बघून, उपाशी राहून माणसं पडतात आणि आडवी झाली की उठतात. अशा माणसाला आडवंच ठेवावं, पाय थोडे वर घ्यावेत, भोवतीची गर्दी हटवावी. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी ओतू नये, चमचा घालू नये. चप्पल पायातच राहू द्यावी. झटके येत असतील तर घड्याळ बघावं, कुशीवर वळवावं. मिनिटभरात उठला नाही, किंवा झटके थांबत नसतील, तर १०८ला फोन करावा. पण कुणी आधी काही न जाणवता एकदम पडत असेल, बसल्या किंवा झोपल्या जागी शुद्ध जात असेल, पळताना किंवा जिना चढताना पडत असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर ते हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आणि दाखवताना पडणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे न्या. ज्याने बघितलं त्याचेही. जमलं तर व्हिडिओ काढून ठेवा, एरवी आपण कशाचाही काढतोच. आई "विरघळल्यासारखं होतं" म्हणाली तर विरघळल्यासारखंच सांगा. आजोबा "जमीन पायाखालून निघते" म्हणाले तर तेच सांगा. त्याचा शुद्ध मराठीत अनुवाद करायला जाऊ नका. तो मी करून बघितलाय.

*

२०२४च्या शिमग्यात पालखी आमच्या वाडीत आली. ढोल सुरू होते, गुलाल उडत होता, मार्चचं ऊन होतं. पालखीमागून येणारी एक कॉलेजची मुलगी मटकन खाली बसली आणि कलंडली. लगेच सुरू झालं. कुणी म्हणालं भोवळ, कुणी म्हणालं अवसर आलाय, वाट सोडा. कांदा आणायला एक जण धावलासुद्धा.

आई गर्दीतून वाट काढत पुढे गेली. लग्नातल्या त्या पंगतीनंतर चार माणसांत तिला इतक्या मोठ्याने बोलताना मी ऐकलं नव्हतं. "सरका बाजूला, वारा येऊ द्या." मुलीला सावलीत आडवं केलं, पाय पायरीवर ठेवले. मुलीने डोळे उघडले. काय झालं, ते सांगायला एकदम चार जण पुढे आले. आईने हात वर करून त्यांना थांबवलं.

"तू सांग गो," ती मुलीला म्हणाली. "फिरलं, की लाईट गेली?"

मुलगी थोडा वेळ विचार करत राहिली. कुणीच मध्ये बोललं नाही.

"आधी पोटात कालवलं," ती म्हणाली. "घाम आला. मग हळूहळू लाईट गेली."

"हळूहळू ना? काय खाल्लंस सकाळपास्नं?"

"काही नाही."

"बरं," आई म्हणाली. "मंग आदी जरा पडून ऱ्हा. उठलीस की खा. आनि उद्या डॉक्टरला जाशील तवा हेच सांग. हिला नेऊ नको," तिने माझ्याकडे बोट दाखवलं, "ही चक्कर म्हनून सांगल."